मोटर काढायच्या आधी

बोअरमधली मोटर वर न काढता तिला काय झालंय ते वरच्या स्टार्टरपाशी (मोटर चालू-बंद करायच्या पेटीपाशी) उभं राहून सांगणारा मेकॅनिक आमच्या वरूड तालुक्यात रिकामा बसलेला मी अजून पाहिला नाही. मोटर भरणारे, म्हणजे तिची जळालेली वाइंडिंग काढून नवी तार गुंडाळणारे, गल्लोगल्ली आहेत. काढणारेही आहेत, पाइप ओढायची घोडी उभी केली, चेनपुली अडकवली की ते सुरूच होतात. पण काढायची गरज आहे का, हे आधी तपासणारा क्वचित भेटतो, आणि कास्तकार त्याचाच नंबर जपून ठेवतो.

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन होऊन पोट्टे दुकानात येतात, तेव्हा त्यांना पहिल्याच महिन्यात वाइंडिंगवर बसायचं असतं, नाहीतर सोलारचा कंट्रोलर उघडून पाहायचा असतो. मीटर कुठे लावायचा आणि आकडा आला की त्याचं काय करायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. यातलं बहुतेक आयटीआयच्या पुस्तकात आहे. फक्त रात्री अकरा वाजता, चिखलात, एका हातात बॅटरी धरून ते कसं वापरायचं ते पुस्तकात नाही.

आमच्याकडचा हिशेब आधी समजून घ्या. वरूड-मोर्शी म्हणजे संत्र्याचा पट्टा. कोणी कौतुकानं विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. दुसरीकडे भूजलाचा अतिउपसा झालेला हाच भाग, लोकांच्या तोंडी डार्क झोन. बोअर सात-आठशे फूट, कुठे हजाराच्याही खाली. आंबिया बहारासाठी डिसेंबरात झाडाला ताण देतात, जानेवारीत ताण तोडून पाणी सोडतात आणि मग उन्हाळाभर फळ टिकवायला पाणी लागतं. मोटर बंद पडते तीही नेमकी एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं, व्होल्टेज पडलेलं असतं आणि मोटर चालूच ठेवावी लागते. पाण्याला खंड पडला की फळगळ. आता आठशे फुटांवरची मोटर लोखंडी पाइपवर असेल, तर वीस फुटी चाळीस पाइप एकेक करून उघडायचे आणि परत तेवढेच जोडायचे. माणसं, मजुरी, अख्खा दिवस. एवढं करून वर आलेली मोटर ठणठणीत निघाली आणि बिघाड डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, फ्यूजचा होता, तर कास्तकार तोंडावर काही बोलणार नाही. पण पुढच्या वेळी तुम्हाला फोनही येणार नाही.

फोनवरच अर्धं काम

"भाऊ, मोटर जळाली वाट्टे, लवकर या," असा फोन येतो. जळाली हे त्यांचं मत आहे. तुम्ही चार गोष्टी विचारा. बटन दाबल्यावर स्टार्टर ओढतो का, म्हणजे खट्ट करून लागतो का? ओढला तर मोटर न फिरता नुसती घुमते (आवाज करते) की चालते? रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा भाग) लगेच पडतो की पाच-दहा मिनिटांनी? आणि पाणी हळूहळू कमी होत गेलं की एकदम बंद झालं?

स्टार्टर ओढतच नाही, तर बहुतेक बिघाड लाईनचा, स्टार्टरच्या कॉइलचा किंवा प्रिव्हेंटरचा (एखादा फेज गेला की मोटर बंद ठेवणाऱ्या भागाचा). मोटरीचा विचार नंतर. स्टार्टर ओढतो आणि मोटर घुमते, तर एखादा फेज (लाईनच्या तीन वायरींपैकी एक) नाही किंवा पंप जाम. पाणी महिनाभरात हळूहळू कमी झालं, तर पंपाचे इंपेलर (पाणी वर ढकलणारे पंखे) झिजले किंवा बोअरची पातळी खाली गेली. एकदम बंद झालं आणि मोटर मात्र चालू वाटते, तर मोटर-पंप जोडणारं कपलिंग तुटलं किंवा पाइप सुटला. हे अंदाजच आहेत, पण कोणतं सामान गाडीवर टाकायचं ते यातून ठरतं. मेगर म्हणजे इन्सुलेशनमधली गळती तपासायचा मीटर. दहा किलोमीटरवरच्या वावरात गेल्यावर "मेगर दुकानातच राह्यला" असं सांगणाऱ्या पोट्ट्याला कोणी मिस्त्री म्हणत नाही.

हात लावायच्या आधी

इथे मी थोडक्यात सांगतो, पण हे पाळलं नाही तर पुढचं वाचूच नका. मेन स्विच खाली केला म्हणजे लाईन बंद झाली, असं धरायचं नाही. मीटर आधी चालू लाईनवर लावून पाहा, तो व्होल्ट दाखवतो ना. मग बंद केलेल्या जागी लावा, शून्य यायला हवं. मग परत चालू लाईनवर लावा, म्हणजे मधल्या वेळात मीटरच मेला नव्हता हे कळतं. हे तीन टप्पे. रात्रीच्या पाळीच्या फीडरला लाईन कधी येईल सांगता येत नाही, आणि वावरात ऑटो स्विच लावलेला असतो. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. त्यामुळे ऑटो स्विच आधी सोडवा, मग बाकीचं. तसाही महावितरण तो काढून कपॅसिटर लावायला सांगतं, कारण लाईन येताच सगळ्या मोटरी एकाच वेळी उठतात आणि डीपीवर एकदम भार येतो.

आणि डीपीवर चढायचं नाही. फ्यूज टाकायला कास्तकार आग्रह करेल, "तुम्ही तर लाईनचेच माणूस" म्हणेल. ते काम लाईनमनचं.

लाईन वाचायला शिका

तीन फेजना आर, वाय आणि बी म्हणतात. फेज-टू-फेज, म्हणजे दोन-दोन फेजमध्ये मीटर लावून, व्होल्टेजचे तीन आकडे घ्या: आर-वाय, वाय-बी, बी-आर. तीनही साधारण ४१५ असायला हवेत. आमच्याकडे उन्हाळ्यात ३४० सुद्धा दिसतात. आकडे मोटर बंद असताना घ्या आणि मोटर चालू करून पुन्हा घ्या. बंद असताना ४०० आणि चालू केल्याबरोबर ३३०, तर सर्व्हिस वायर बारीक आहे, कुठेतरी जॉइंट सैल आहे किंवा डीपीवर भार जास्त आहे. नुसता मोटर बंद असतानाचा आकडा घेऊन "लाईन चांगली आहे" म्हणणारे मेकॅनिक फार. तो आकडा अर्धाच आहे.

आता एक गोष्ट सांगतो, जी आली की लाईनमनसुद्धा तुम्हाला चहा पाजतो. डीपीवर दुसऱ्या मोटरी चालू नसताना हे आकडे पाहा. एक जोडी बरोबर ४१५ दाखवते आणि उरलेल्या दोन जोड्या काहीच दाखवत नाहीत किंवा वेडेवाकडे आकडे दाखवतात, तर आपल्या बाजूचा, म्हणजे एलटीचा (डीपीतून आपल्याकडे येणाऱ्या कमी दाबाच्या लाईनचा) एक फेज गेला. पण दोन जोड्या ३६० च्या आसपास आणि तिसरी जवळजवळ शून्य, असं दिसलं तर बिघाड ११ केव्हीच्या, म्हणजे डीपीत येणाऱ्या जास्त दाबाच्या लाईनच्या, बाजूला आहे. डीपीच्या आत वरच्या बाजूची वाइंडिंग डेल्टात जोडलेली असते, आपल्या बाजूची स्टारमध्ये; या तीन वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती. वरची एक फ्यूज गेली की एका वाइंडिंगला पूर्ण दाब मिळतो आणि उरलेल्या दोन वाइंडिंग मिळून एक दाब वाटून घेतात, म्हणजे अर्धा-अर्धा. त्या दोन अर्ध्या फेजमध्ये मीटर लावला तर फरकच नाही, म्हणून शून्य. एक पूर्ण आणि एक अर्धा उलट दिशेचे असतात, म्हणून त्यांच्यात दीडपट, म्हणजे एका फेजच्या २४० चे ३६०.

हे कागदावर एकदा काढून पाहा. मग लाईनमनला फोन करताना "लाईन नाही" असं न सांगता "वरची फ्यूज गेलेली दिसते, दोन जोड्या ३६० आणि एक शून्य येतेय" असं सांगा. तो कोणती फ्यूज सोबत आणायची ते तिथूनच ठरवतो, आणि पुढच्या वेळी तुमचा फोन उचलतो.

करंट

टाँग टेस्टर (वायरीला वेढून करंट मोजायचा चिमटा) तिन्ही वायरींवर लावा, एकेक करून. नेमप्लेटवरचा अँपिअर आणि तुमचा आकडा शेजारीशेजारी लिहा. नेमप्लेट मोटरीसोबत बोअरमध्ये गेलेली असते, म्हणून मोटर बसवतानाच तिचा फोटो काढून आकडे स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईनं लिहून ठेवायचे. आमच्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक स्टार्टरवर ते असतात. दुसऱ्या दुकानाच्या मेकॅनिकलाही उपयोगी पडतात, पडू देत.

करंट नेमप्लेटपेक्षा बराच कमी आणि पाणी नाही: पंप पाणी उचलतच नाहीये. पातळी खाली गेली किंवा कपलिंग तुटलं. करंट बऱ्यापैकी आणि पाणी कमी: बोअरच्या तोंडाला कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज येत असेल तर पाइप फुटला आहे किंवा सॉकेट सुटलं आहे. करंट जास्त: पंपात रेती, बेअरिंग गेलेलं, नाहीतर व्होल्टेज कमी. व्होल्टेज पडलं की तेवढंच काम करायला मोटर जास्त अँपिअर ओढते, म्हणून करंट पाहताना व्होल्टेज शेजारी लिहिलेला पाहिजेच. डीपी बदलून आल्यावर अचानक पाणी कमी झालं, तर फेज उलटे लागले असतील; कोणतेही दोन फेज अदलाबदल करून पाहा. एवढ्यासाठी मोटर काढलेली मी पाहिली आहे, आणि काढणाऱ्यानं मजुरीही घेतली.

तीन फेजचे करंट वेगवेगळे आले तर? समजा आर वर १२, वाय वर १२ आणि बी वर १७. दोष मोटरीचा की लाईनचा? इथे बहुतेक जण अंदाज बांधतात. अंदाजाची गरज नाही. मोटरीकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा: आर ची वाय वर, वाय ची बी वर, बी ची आर वर. तिन्ही सरकवल्या म्हणून मोटरीची दिशा तीच राहते. आता पुन्हा करंट घ्या. १७ चा आकडा वायरीसोबत सरकला तर दोष मोटरीत किंवा केबलमध्ये. तो बी फेजवरच राहिला तर दोष लाईनमध्ये. पाना आणि टाँग टेस्टर हाताशी असला की हे पंधरा मिनिटांचं काम आहे. व्होल्टेजमधला थोडासा फरकसुद्धा करंटमध्ये कितीतरी पटीनं मोठा होऊन दिसतो, हे माहीत असलं की उगाच मोटरीवर आळ घेतला जात नाही.

रिले वारंवार पडतो म्हणून तो काडी घालून बांधून ठेवलेला सापडतो. काडी काढा, रिले नेमप्लेटच्या अँपिअरवर लावा. कास्तकार म्हणेल, "मग मोटर चालणार नाही ना जी." त्याला समजावून सांगा की एक फेज गेल्यावर मोटर चालूच राहिली तर उरलेल्या दोन वायरींतून जवळजवळ पावणेदोनपट करंट जातो. काडी घातलेला रिले ते नुसता पाहत राहतो.

ओहम आणि मेगर

मोटरीच्या वायरी स्टार्टरमधून पूर्ण सोडवा. मीटर ओहमवर, म्हणजे वायरीचा विरोध मोजायला, ठेवा. आधी त्याच्या दोन पिना एकमेकींना टेकवा आणि येईल तो आकडा लक्षात ठेवा; तो पिनांचा स्वतःचा विरोध, नंतर वजा करायचा. मग तीन जोड्या मोजा. तिन्ही सारख्या यायला हव्यात. दोन जोड्या उघड्या (मीटर जोड दाखवतच नाही) आणि एक बरोबर, तर एकच वायर तुटली आहे. कोणती, ते सामाईक अक्षरावरून कळतं: आर-वाय उघडी, बी-आर उघडी, तर आर. घाईत माणूस दोन वायरी तुटल्या म्हणून सांगतो.

इथे एक फसगत असते. स्टार्टरपाशी येणाऱ्या ओहममध्ये केबलही मिसळलेली असते. खोल बोअरला ती मोटरीच्या वाइंडिंगएवढी भरू शकते. केबलचा हिशेब करून तो वजा केला तरच मोटरीचा खरा आकडा मिळतो. हिशेब पुढे येतोय.

मेगर ५०० व्होल्टचा. एक पिन मोटरीच्या वायरीला, दुसरी जमिनीला: लोखंडी केसिंग (बोअरला आतून बसवलेला पाइप) असेल तर केसिंगला घासून चकाकी आणून, प्लास्टिक केसिंग असेल तर चांगल्या अर्थिंगच्या रॉडला. गंजलेल्या पाइपला पिन टेकवली तर मेगर खोटंच चांगलं दाखवतो. एक मेगाओमच्या खाली आला की मोटर किंवा जॉइंट पाणी खातोय असं समजा. शून्य आला तर काढावीच लागेल. मल्टिमीटरनं हे काम होत नाही. त्याच्यात बॅटरी काही व्होल्टची, आणि गळती दिसते ती दाब वाढल्यावर. "मीटरनं तर शॉर्ट दाखवलं नाही" असं म्हणणाऱ्या पोट्ट्याला आमचे उस्ताद एवढंच विचारायचे, "तुझा मीटर किती व्होल्टनं दाबते बे?"

मोजून झालं की ती वायर जमिनीला टेकवून रिकामी करा, लांब केबलमध्ये झटका उरतो. आणि मेगर शून्य आला तरी जॉइंट गेला की वाइंडिंग, हे वरून कळत नाही. तसं सांगून टाका. जे दिसत नाही त्यावर पैज लावायची नाही.

केबलचं गणित

हे गणित येणारे इतके कमी आहेत की मी नवीन माणूस ठेवताना हेच विचारतो.

तांब्याची १ चौरस मिलिमीटर वायर १०० मीटर घेतली तर तिचा विरोध साधारण पावणेदोन ओहम. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर चौथा भाग, म्हणजे ०.४४. हजार फूट म्हणजे ३०० मीटरच्या वर; ३०० धरा. एका फेजला १.३ ओहम झाले. मोटर १४ अँपिअर ओढते असं समजा. १४ गुणिले १.३ म्हणजे १८ व्होल्ट, आणि थ्री फेजसाठी १.७३ नं गुणलं की ३१. एवढे व्होल्ट केबलच खाते. पॉवर फॅक्टर धरला तर थोडं कमी होईल, पण वावरात निर्णय घ्यायला हा ढोबळ आकडा पुरतो. स्टार्टरवर ४१५ असताना ३१ गेले तर मोटर कशीबशी चालेल. पण स्टार्टरवर ३४० आले त्या रात्री मोटरीला मिळतात ३०९, आणि ती गरम होत होत एक दिवस जाते. पाट लांब आणि अरुंद असला की शेवटच्या झाडाच्या आळ्यात पाणी पोचत नाही, तसंच आहे हे.

आता ६ ची केबल घ्या: विरोध दीडपट कमी, तूट २१ च्या आसपास. १० ची घेतली तर १३. कास्तकाराला मोटर भरून देताना हा हिशेब पावतीच्या मागे लिहून दाखवा. एकाच बोअरची मोटर दर उन्हाळ्यात जळत असेल तर मोटर भरणाऱ्याचा दोष काढण्याआधी केबल पाहा. केबल बदलल्यावर मोटर टिकली, तर आजूबाजूच्या चार वावरांत तुमचं नाव होतं. मला सगळ्यात जास्त कामं यातून मिळाली आहेत, वाइंडिंगमधून नाही.

बोअर खोल केला, मोटर आणखी शंभर-दोनशे फूट खाली सोडली, आणि जुन्याच केबलला तुकडा जोडला, ही आमच्याकडची नेहमीची गोष्ट. प्रत्येक वेळी गणित नव्यानं करायचं.

जॉइंट

मोटर पाण्यात असते, जॉइंटही पाण्यात असतो, आणि पाणी आत शिरतं ते बहुतेक वेळा जॉइंटमधूनच. तरी हे काम दुकानात सगळ्यात नवीन पोट्ट्याकडे देतात. मी देत नाही.

तिन्ही जॉइंट एकाच जागी घेऊ नका. एक वर, एक मधे, एक खाली, वीतभर अंतर ठेवून, म्हणजे एखादा कच्चा राहिला तरी शेजारच्याला लागत नाही आणि केबल तिथे फुगून केसिंगला घासत नाही. तांबं बारीक पॉलिश कागदानं घासा, लालसर चमक यायला हवी. काळपट तांब्यावर केलेला जॉइंट गरम होतो. फेरूल (दोन टोकं जोडायची नळी) दाबून किंवा पिळून डाग देऊन पक्का करा. ओढून पाहा, जोर लावून. टोचणारं तांब्याचं एकही टोक बाहेर राहू देऊ नका. मग रबर टेप, ताणून, प्रत्येक वळसा आधीच्या अर्ध्यावर. केबलच्या इन्सुलेशनवर दोन्हीकडे दोन-दोन इंच चढवायचा. त्यावर पीव्हीसी टेप, रबराला मार लागू नये म्हणून. हाताला घाम असेल तर आधी पुसा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बोअरवर जॉइंट करताना कपाळावरचा एक थेंब टेपच्या आत गेला की तो आतच राहतो. म्हणून शक्य असेल तेव्हा मोटरीचा जॉइंट दुकानात, पंख्याखाली करून मगच वावरात नेतो.

तपासायचा कसा? ड्रममध्ये पाणी भरा, जॉइंट बुडवा, तासभर राहू द्या. मग मेगरची एक पिन वायरीला आणि दुसरी त्याच पाण्यात. आकडा लिहा. रात्रभर ठेवायला मिळालं तर आणखी बरं. मोटर वॉटर-फिल्ड असेल तर याच वेळी तिच्यात स्वच्छ पाणी हळूहळू भरा, हलवा, थोडं थांबा, बुडबुडे निघाले की परत भरा. हवा आत राहिली तर बेअरिंग कोरडं चालतं.

उतरवतानाही मेगर केबलच्या टोकाला लावूनच ठेवायचा. चार-पाच पाइप खाली गेले की एकदा मोजा. केसिंगच्या धारेला केबल घासली तर आकडा तिथेच पडतो, आणि खालचे पाच पाइप परत काढावे लागतात. शेवटी मोजलं असतं तर चाळीस काढावे लागले असते. केबल दर आठ-दहा फुटांवर पाइपला बांधा, वजन केबलवर येऊ देऊ नका.

वाइंडिंगची वही

जुनी वाइंडिंग कापायच्या आधी काय होतं ते लिहून घ्यायचं. स्लॉट (कॉइल बसायच्या खाचा) किती, कॉइलचा पिच (एका कॉइलच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर) किती, टर्न (वळसे) किती, वायरचा गेज, कनेक्शन कसं, टोकं कुठून निघतात. मोबाइलमध्ये फोटो काढला की झालं असं पोट्ट्यांना वाटतं. फोटोत टर्न मोजता येत नाहीत. दोन वेगवेगळ्या कॉइलचे टर्न मोजा; जुन्या मिस्त्रीनं एका कॉइलमध्ये गडबड केली असेल तर ती इथेच सापडते. गेज मोजताना वरचं इन्सुलेशन काढून, मायक्रोमीटरनं. आधी कोणीतरी बारीक वायर टाकून भरलेली मोटर असेल तर त्याचीच नक्कल होईल, म्हणून त्याच कंपनीच्या, त्याच एचपीच्या जुन्या नोंदी वहीत असलेल्या बऱ्या.

जुनं तांबं कास्तकारासमोर तोला आणि वजन पावतीवर लिहा. हे इलेक्ट्रिकच्या पुस्तकात नाही, पण आमच्या धंद्यात ते व्होल्टेजएवढंच मूलभूत आहे.

बोलणं

निदान सांगताना आकडे सांगा. "मोटर गेली" असं नाही, तर "वाय ची वायर खाली तुटली आहे, मेगर चांगला आहे, म्हणजे बहुतेक केबल किंवा जॉइंट, काढावी लागेल, पण भरावी लागेल असं वाटत नाही." कास्तकाराला मेगाओम कळत नसेल, पण तुम्ही मोजलं आहे हे त्याला कळतं. मीटरचा डिस्प्ले त्याच्याकडे वळवून दाखवा. आणि काहीच बिघडलेलं नसेल, नुसता टर्मिनलचा स्क्रू सैल असेल, तर पेट्रोल आणि येण्याचे पैसे सरळ मागा. लाजून "राहू द्या" म्हणणारा पुढच्या वेळी खोटं बिल लावतो, हे मी पाहत आलो आहे.

सोलारचं काय

"आता सगळे सोलार लावून राह्यले, मोटर मेकॅनिकचं काय?" असं पोट्टे विचारतात. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत जमिनीप्रमाणे ३, ५ आणि साडेसात एचपीचे पंप मिळतात. अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. त्यांना पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते, त्यामुळे त्या मुदतीत कंट्रोलरचं सील तोडून कास्तकाराची हमी घालवू नका. तक्रार नोंदवून द्या. पण जॉइंट तोच, केबल तीच, मेगर तोच. एसी पंप असेल तर उलटं फिरण्याचा दोषही तोच, फक्त फेज कंट्रोलरच्या आउटपुटला बदलायचे.

नवीन काय ते एकच, आणि ते जिवाचं आहे. पॅनल ऊन असेपर्यंत बंद होत नाही. एकामागे एक जोडलेल्या पॅनलांचा दाब शेकडो व्होल्ट डीसी असतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी स्वतःहून विझत नाही. चालू असताना पॅनलचा कनेक्टर उपसायचा नाही. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच खाली, मग मीटरनं पाहून हात. मीटर डीसीवर ठेवला आहे ना, तेही पाहून. एसीवर ठेवलेला मीटर डीसीला भलताच आकडा दाखवतो, कधी चक्क शून्य.

पहिल्या पगारातून काय घ्यायचं

दुकानाच्या सामानावर शिकाल, पण मीटर स्वतःचा घ्या. आधी बरा मल्टिमीटर, मग टाँग टेस्टर, मग जमेल तेव्हा मेगर. स्वस्तातला घेतला तर एकदा दुकानातल्या चांगल्या मीटरशी आकडे जुळवून पाहा आणि फरक मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पिनांच्या वायरी पिळल्या की आतून तुटतात, बाहेरून दिसत नाही. महिन्यातून एकदा दोन पिना टेकवून वायर हलवत आकडा पाहायचा. मेगरची बॅटरी उतरली की आकड्यावर भरवसा राहत नाही, म्हणून जास्तीचे सेल पिशवीत. आणि एक छोटी वही: तारीख, गाव, बोअरची खोली, केबलची साइज, तीन व्होल्टेज, तीन करंट, मेगर. आत्ता पाच मिनिटं जास्त जातात. पुढच्या मे महिन्यात त्याच बोअरवरून फोन आला की मागच्या वर्षी मेगर किती होता ते वही उघडून फोनवरच सांगता येतं, आणि मोटर काढायची घोडी सोबत न्यायची की नाही तेही.